मुंबईचं पाणी, उंचीच्या हिशेबाने: विहार ते मध्य वैतरणा

टाऊनहॉलची_पायरी

पावसाळा आला की सात तलावांचं कोष्टक व्हॉट्सॅपवर फिरायला लागतं. सगळ्यांचं लक्ष टक्केवारीवर. त्याच कोष्टकात 'ओसंडून वाहण्याची पातळी' असा एक रकाना असतो, तिकडे कुणी बघत नाही. विहार सुमारे ८० मीटर, तुळशी १३९.१७, तानसा १२८.६३, मोडकसागर १६३.१५, मध्य वैतरणा २८५. कोणता तलाव कधी आणि का बांधला याचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे, म्हणून हा धागा.

आधी एक खुलासा. पालिकेच्या या पातळ्या टाऊन हॉल डेटमवरून (उंची मोजण्याच्या ठरलेल्या संदर्भपातळीवरून) मोजतात, आणि त्या डेटमचं शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे २४ मीटर खाली आहे. म्हणजे विहार काठोकाठ भरला तरी पाणी समुद्रापेक्षा जेमतेम ५६ मीटर वर. हा फरक न धरता मलबार हिलची उंची आणि विहारची पातळी शेजारी शेजारी मांडली की सगळा हिशेब चुकतो.

विहारची योजना हेन्री कॉनीबेअरची. (कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही त्याचाच.) काम १८५६ मध्ये सुरू झालं, १८६० मध्ये पाणी शहरात आलं. मिठीच्या खोऱ्यात तीन मातीचे बांध आणि तिथून शहरापर्यंत ३२ इंची बिडाचा नळ. क्षमता दिवसाला सुमारे ३२ दशलक्ष लिटर. १८६४ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८ लाख १६ हजारांवर होती, म्हणजे माणशी ३९ लिटर. पाणी पहिल्या दिवसापासून तोकडं होतं.

तोकडं होतं तसंच ते खालच्या पातळीवरचंही होतं. भरल्या तलावातून ५६ मीटरवर निघालेलं पाणी २५ किलोमीटर नळातून घासत आलं की १५-१६ मीटर तिथेच खर्च. उरले चाळीस. उन्हाळ्यात तलाव उतरला की त्याहून कमी. पन्नास मीटरच्या आसपास उंचीच्या मलबार हिलवर हे पाणी आपल्या पायांनी चढणं शक्य नव्हतं. तुळशीचं महत्त्व इथे आहे. १८७९ चा हा तलाव आजही सातांत सर्वांत छोटा, ८,०४६ दशलक्ष लिटर. विहारच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. पण विहारपेक्षा जवळजवळ ५९ मीटर उंच. साठा बघणारा त्याला 'एवढासा तलाव' म्हणेल, पातळी बघणाऱ्याला कळेल की मलबार हिलचा जलाशय या उंचीशिवाय पंप न लावता भरला नसता.

गोवालियाटँक

धागा आवडला. विहारच्या आधीचं थोडं. धोबी तलाव, गोवालिया टँक, कावसजी पटेल टँक, बाबुला टँक, मुंबादेवीचा तलाव ही सगळी खरोखर पाण्याची ठिकाणं होती. बहुतेक दानशूरांनी बांधलेली, आणि बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये तळ गाठणारी. १८५० च्या दशकात टंचाई इतकी वाढली की गुरं शहराबाहेर माहीमकडे हलवली, आणि बोटीने व रेल्वेने आणलेलं पाणी शहरातल्या विहिरींत ओतलं. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ ची, म्हणजे सुरू होऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच ती पाणी वाहू लागली.

दुसरा टप्पा याहून कमी सांगितला जातो. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. हिवतापाचे डास घरोघरच्या विहिरींत वाढतात असं त्यात दाखवलं होतं. त्यानंतर विहिरी बुजवण्याची, निदान झाकण्याची मोहीम चालली. काही पारशी विहिरी धार्मिक कारणाने झाकणासह राहिल्या. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही आहे. जिला 'तलावांवर अवलंबून असलेली मुंबई' म्हणतो ती खऱ्या अर्थाने या मोहिमेनंतरची. तोवर नळ आणि विहीर दोन्ही चालू होतं.

चुनाघाणी

तानसाबद्दल लिहितो, कारण या यादीतलं सर्वांत धाडसी काम तेच, असं माझं मत.

१८७० च्या दशकात मेजर टुलॉक यांनी सुचवलं तेव्हा बहुतेकांना ते अतिरेकी वाटलं असणार. साष्टी बेट सोडायचं, खाडी ओलांडायची आणि शहापूरच्या जंगलातून पाणी आणायचं. मधे १८९०-९१ ला पवई घाईघाईने उरकला. त्याचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही आणि तो कारखान्यांच्या वापरासाठी राहिला. १८९२ मध्ये तानसाचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते झालं.

धरण दगडी, चुन्यातलं, लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर. रुंद, पसरट खोऱ्यात एवढी लांब भिंत घालायची तर दगडापेक्षा चुन्याचाच प्रश्न मोठा. चुना सिमेंटसारखा दोन दिवसांत धरत नाही. चुन्याच्या घाणीत नीट मळलेला जलचुनासुद्धा (पाण्यातही घट्ट होणारा चुना) पुरती ताकद घ्यायला महिने लावतो. म्हणून भिंत सगळीकडून सारखी वर आणावी लागते. एक टोक दहा मीटर आणि शेजारचं दोन मीटर ठेवलं तर दोन्ही भाग वेगवेगळे दबतात आणि सांध्यात उभी भेग पडते. दगड कोरडा लावला तर तो चुन्यातलं पाणी शोषतो, चुना भुसभुशीत राहतो आणि त्याच जागी पुढे पाझर सुरू होतो. म्हणून प्रत्येक दगड भिजवून बसवायचा, पोकळीत चिपा ठोकायच्या, नुसता चुना ओतून पोकळी भरायची नाही.

चुन्याच्या धरणाचं खरं दुखणं नंतर सुरू होतं. पाझरणारं पाणी चुना विरघळवून बाहेर आणतं आणि भिंतीच्या कोरड्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात. ओघळ म्हणजे धरण फुटणार असं नाही, पण आतलं बांधकाम पोकळ होत चालल्याची ती खूण असते. उपाय दोन. पाण्याच्या बाजूच्या दरजा (दगडांमधल्या फटी) खरवडून सिमेंटने पुन्हा भरायच्या, आणि वरून भोकं पाडून दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण सोडायचं. क्रमही महत्त्वाचा. आधी कोरड्या बाजूच्या दरजा बंद केल्या तर पाणी भिंतीतच अडकतं आणि आतला दाब वाढतो.

या आतल्या दाबाचं गांभीर्य जगाला कळलं ते १८९५ मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटल्यावर. तानसा त्याच्या तीन वर्षं आधीचं. तरी ते टिकलं, कारण पुढे उंची वाढवता यावी म्हणून पाया आधीच रुंद घेतला होता. पुढचे टप्पे १९१५, १९२५ आणि १९४८ चे. पाया जपून घातला असेल तर चार पिढ्या एकाच खोऱ्यातून वाढीव पाणी काढतात.

उतार_एकास_हजार

चुनाघाणी, धरणावर तुम्ही लिहिलंत, मी नळावर लिहितो. तानसाचं पाणी नळानेच हैराण केलं.

पहिला नळ ४८ इंची, बिडाचा. पाणी साधारण ७७ दशलक्ष लिटर रोज. वेग पडतो सेकंदाला ७५ सेंटिमीटरच्या आसपास. नवा गुळगुळीत नळ असेल (नळ आतून किती गुळगुळीत ते सांगणारा हेझन-विल्यम्सचा गुणांक १२० धरला) तर किलोमीटरमागे साधारण ४६ सेंटिमीटर उंची घर्षणात जाते. लांबी ९० किलोमीटर धरू, म्हणजे ४२ मीटर.

आता तोच नळ तीस-चाळीस वर्षांनंतर बघा. आतून गंजाचे फोड येतात, गुणांक ९० वर उतरतो. तेवढंच पाणी न्यायचं तर किलोमीटरमागे ७९ सेंटिमीटर लागतात, एकूण ७१ मीटर. तानसा समुद्रापासून जेमतेम १०४ मीटर उंच आहे. म्हणजे शहराच्या टोकाला पूर्वी ६२ मीटर उंची शिल्लक असायची तिथे ३३ उरली. तलाव तेवढाच भरलेला, नळ तेवढाच जाड, कुठे गळती नाही, आणि तरी वरच्या मजल्यावर पाणी नाही. 'पूर्वी टाकी न बांधताही तिसऱ्या मजल्यावर पाणी चढायचं' असं जुन्या इमारतींत ऐकू येतं, त्यामागे हेही एक कारण असतं. उपाय म्हणजे आतून खरवडणं आणि सिमेंटचा थर देणं, नाहीतर शेजारी दुसरा नळ टाकणं. दुसरा नळ टाकला की प्रत्येकातला वेग घटतो. वेग निम्मा झाला तर घर्षण निम्म्यावर येऊन थांबत नाही, साधारण २८ टक्क्यांवर येतं. नवा नळ नवं पाणी आणतोच, शिवाय जुन्या नळाची गेलेली उंचीही परत मिळवून देतो.

बिडाच्या नळाचे सांधे म्हणजे कप आणि शेंडी. शेंडी कपात सरकवायची, फटीत ताग ठासायचा, त्यावर एका दमात वितळलेलं शिसं ओतायचं आणि थंड झाल्यावर चारी बाजूंनी ठोकणीने दाबायचं. ओतताना हात थांबला तर शिशाचे दोन थर होतात आणि त्यांच्यामधून पाणी येतं. फटीत ओल राहिली तर वाफेने शिसं उसळतं आणि भाजतं. रस्त्याखाली असा सांधा गळू लागला की पुन्हा ठोकून तो बरेचदा बंद होतो, म्हणून हे सांधे इतकी वर्षं चालले. पुलावर किंवा भरावावर मात्र जमीन दबली की शिसं बाहेर सरकतं, आणि ते कितीही ठोका, महिनाभरात पुन्हा गळतं.

साष्टीकर

एक प्रश्न. पुण्याचा कात्रजचा नळ १७४९-५० च्या सुमाराचा, नानासाहेब पेशव्यांचा. तोही तलावातून उताराने शहरात पाणी आणायचा. मग कॉनीबेअरने वेगळं काय केलं?

उतार_एकास_हजार

साष्टीकर, दाबाचा फरक. कात्रजचा नळ म्हणजे जमिनीखालची दगड-विटांची, चुन्याची झाकलेली पाटच. पाणी मोकळं वाहतं, वर हवा असते. त्याला सतत थोडा उतार पाहिजे, मधे खोलगट भाग आला तर वळसा घ्यायचा किंवा बांधावर चढवायचं. ठरावीक अंतरावर हवा खेळायला उच्छ्वास आणि गाळ बसायला कुंड्या. वेग कमी पडतो तिथे गाळ बसतो, म्हणून माणूस आत उतरून काढू शकेल एवढी जागा ठेवलेली. शेवटी पाणी हौदात पडतं, आणि हौदाच्या पातळीच्या वर ते कधीच चढत नाही. काळा हौद आणि असे इतर हौद ही त्याची शेवटची टोकं.

बंद नळात पाणी भरगच्च असतं. मधे खाडी किंवा दरी आली तरी खाली उतरून पलीकडे चढतं, फक्त सुरुवातीची पातळी आणि शेवटची पातळी यांतला फरक पुरला पाहिजे. हा फायदा मोठा, पण त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक सांध्यावर कायम दाब. चुन्याच्या पाटाला भेग पडली तर पाणी पाझरतं, दाबाच्या नळाला पडली तर रस्ता उखडतो.

चावीवाला_भांडुप

दाबाचा विषय निघालाच आहे तर 'चोवीस तासांचं शटडाऊन' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. वर्तमानपत्रात एका ओळीत येतं.

समजा १८०० मिलिमीटरची पोलादी वाहिनी आहे आणि दोन झडपांमधला दहा किलोमीटरचा तुकडा रिकामा करायचा आहे. एका मीटरमध्ये अडीच हजार लिटर पाणी, म्हणजे दहा किलोमीटरमध्ये अडीच कोटी लिटर.

पहिलं काम, मुख्य झडप सावकाश बंद करायची. घाई केली तर पाण्याचा हिसका बसतो. सेकंदाला एक मीटर वेगाने येणारं पाणी एकदम थांबलं तर पोलादी नळात शंभर मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब तयार होतो. आधीच गंजलेली जागा तेवढ्यात फाटते. एक गळती दुरुस्त करायला जायचं आणि दोन करून यायचं, असा प्रकार.

मग नाल्यांजवळच्या खोलगट जागी असलेल्या स्कोअर झडपा (नळातलं पाणी काढून टाकायच्या) उघडायच्या. त्याच वेळी उंचवट्यांवरच्या हवाझडपा चालू आहेत ना हे माणूस पाठवून बघायचं. ही पायरी सुटली तर पाणी खाली निघून जातं आणि आत निर्वात पोकळी होते. १८०० मिलिमीटर व्यासाला दहा-बारा मिलिमीटर जाडीचा पत्रा. आतून दाब असताना तो दणकट, बाहेरचा हवेचा दाब मात्र त्याला चेपून टाकतो. एकदा चेपलेला नळ सरळ होत नाही, कापून काढावा लागतो.

नळ रिकामा झाल्यावर ऊन हा नवा शत्रू. भरलेल्या नळाला आतलं पाणी गार ठेवतं. रिकामा, जमिनीवरचा नळ २० अंशांनी तापला तर किलोमीटरमागे २४ सेंटिमीटर लांब होतो. म्हणून प्रसरण सांधे, आणि म्हणून शेवटचा जोडतुकडा पहाटेच्या गारव्यात वेल्ड करायचा. दुपारी बसवलेला जोड रात्री ताणला जातो.

आणि सर्वांत जास्त वेळ खाणारं काम म्हणजे पुन्हा भरणं. भरताना वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा, नाहीतर हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तिचे कप्पे अडकतात आणि उंचवट्यावर धडाधड आवाज करत नळ हादरतो. या वेगाने अडीच कोटी लिटर भरायला नऊ तासांहून जास्त लागतात. पत्र्याला ठिगळ लावायला चार तास, उरलेला वेळ रिकामं करण्यात आणि भरण्यात. दुसऱ्या दिवशी 'पाणी कमी दाबाने' येतं ते याच कारणाने, आणि पहिलं पाणी गढूळ येतं ते तळाचा बसलेला गाळ हलल्यामुळे. पहिली काही मिनिटं पाणी सोडून द्यावं, नंतर भरावं आणि दोन-तीन दिवस उकळून प्यावं, ही सूचना पाळण्यासारखी आहे.

गोवालियाटँक

चावीवाला, उकळून प्यायचं कारणही लिहा. लोकांना वाटतं तलावाचं पाणी खराब आलं.

चावीवाला_भांडुप

तलावाचा त्यात काही दोष नसतो. दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. दाब गेला की तीच गळती आत ओढू लागते, आणि शेजारून गटार वाहत असेल तर त्याचं पाणी नळात येतं. मुंबईत पाणी ठरावीक तासच सोडतात, त्यामुळे शेवटच्या जोडण्यांमध्ये हा प्रकार रोज थोडाफार होतो. धोका सर्वांत जास्त घराकडे येणाऱ्या अर्ध्या-पाऊण इंची नळीत, विशेषतः ती गटार आडवी ओलांडत असेल तिथे. मुख्य वाहिनीची कितीही निगा राखली तरी ही नळी बदलल्याशिवाय उपयोग नाही.

शुद्धीकरण आधीच्या टप्प्यावर होतं. १९७९-८० च्या सुमाराला भांडुपचं मोठं केंद्र सुरू झालं, त्याआधी बहुतेक पाण्याला फक्त क्लोरीन मिळायचा. भांडुपला हवा देणं, तुरटी किंवा तत्सम द्रव्य घालून गाळ खाली बसवणं, वाळूतून गाळणं आणि पुन्हा क्लोरीन, हा क्रम. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात गढूळपणा झपाट्याने चढतो, तुरटीची मात्रा दिवसातून अनेकदा बदलावी लागते. मात्रा कमी पडली तर गाळ बसत नाही, आणि वाळूच्या गाळण्या लवकर तुंबतात.

टाऊनहॉलची_पायरी

पुन्हा उंचीकडे. स्वातंत्र्यानंतरचे तलाव बघा.

१९५७ चं मोडकसागर, वैतरणेवरचं काँक्रीटचं धरण. नाव पालिकेचे शहर अभियंता नानासाहेब मोडक यांचं. पातळी तानसापेक्षा जवळजवळ ३५ मीटर जास्त, आणि वाहिनी २४०० मिलिमीटरची. १९७३ च्या सुमाराला इगतपुरी तालुक्यात अप्पर वैतरणा, पाटबंधारे खात्याचं. तिथून पाणी घाट उतरताना वीज तयार करतं आणि खालच्या वैतरणेच्या पात्रात येतं. २०१४ मध्ये याच नदीवर, कोचाळे इथे मध्य वैतरणा. उंची १०२ मीटर, बांधकाम रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं. म्हणजे कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट पातळ थरांत पसरून रोलरने दाबत न्यायचं. खालचा थर फार सुकून गेला तर वरचा चिकटत नाही आणि थरांच्या सांध्यातून पाझर लागतो, म्हणून काम रात्रंदिवस न थांबता चालवतात.

एकाच नदीवर तीन पायऱ्या. वरचं पाणी मध्ये, मधलं मोडकसागरात, तिथून नळाने आणि बोगद्याने शहरात. नदी उताराचं काम फुकट करते. यात पंप नाही.

आता भातसा. साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे सातही तलावांच्या १४,४७,३६३ पैकी निम्म्याला अगदी थोडा कमी. आणि हाच उंचीच्या हिशेबात मार खातो. धरणातून पाणी नदीत सोडतात, ते चाळीसहून अधिक किलोमीटर पात्रातून पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, आणि तिथून ते पंपाने उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. धरणात असलेली उंची नदीत घालवायची आणि मग वीज जाळून परत मिळवायची.

उतार_एकास_हजार

इथे थोडा मतभेद. उंची गेली हे खरं, पण पर्याय बघा. रोज २,००० दशलक्ष लिटर नळाने न्यायचं तर १८०० मिलिमीटरच्या नऊ वाहिन्या शेजारी शेजारी टाकाव्या लागतील, तेही सेकंदाला एक मीटर वेग धरून. नदी हे सगळं एका पात्रात करते. वीजखर्च मात्र कायमचा गळ्यात पडतो. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर उचलायला साधारण ३५० युनिट, पंपाची कार्यक्षमता ७५-८० टक्के धरून. २,००० ने गुणा, रोजचे सात लाख युनिट.

वीजखर्चापेक्षा मोठी अडचण वेगळी. तानसा-वैतरणेचा पुरवठा वीज गेली तरी चालतो, पिसे-पांजरापूरला वीज खंडित झाली की निम्मं शहर थांबतं. शिवाय पिसे बंधाऱ्यावर हवा भरलेल्या रबरी फुग्यांनी उचलून धरलेली दारं आहेत. २०२४ मध्ये फुग्याला गळती लागली तेव्हा दुरुस्तीसाठी पाण्याची पातळी खाली आणावी लागली, आणि पातळी पुन्हा पंपांच्या तोंडापर्यंत येईस्तोवर शहरात कपात. भातसा भरलेला असूनही.

साष्टीकर

बोगद्यांवर कुणी लिहील का? गुंदवली ते भांडुप बोगदा झाल्यावर फरक पडला असं ऐकतो.

उतार_एकास_हजार

पडला, आणि तो घर्षणाच्या सूत्रातच आहे. घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने घटतं. गुंदवली-कापूरबावडी-भांडुप बोगदा सुमारे १५ किलोमीटर, अस्तर केल्यावरचा व्यास साडेपाच मीटर. त्यातून १,९०० दशलक्ष लिटर गेलं तरी किलोमीटरमागे फक्त ११-१२ सेंटिमीटर उंची जाते. संपूर्ण बोगद्यात पावणेदोन मीटर. जुन्या ४८ इंची नळात एवढी उंची चार किलोमीटरच्या आतच संपायची. मरोशी-रुपारेल, रुपारेल-मलबार हिल हे बोगदेही याच तत्त्वावर. रस्ता खणायला नको, झोपड्या हलवायला नकोत, आणि जमिनीवरच्या नळाला होणारा गंज, ऊन, चोरीच्या जोडण्या हे काहीच नाही.

शंभर मीटर खाली असल्यामुळे सुरक्षित, असं सगळ्यांना वाटतं. ठाण्यात एका बोअरवेलने हा समज मोडला. कुणीतरी विंधनविहीर घेतली आणि ती थेट बोगद्याच्या छतात गेली. मार्च २०२३ अखेरपासून महिनाभर बोगदा बंद ठेवून दुरुस्ती झाली, शहरात १५ टक्के कपात. नळ फुटला तर कारंजं दिसतं, बोगदा गळला तर पाणी खडकातल्या भेगांतून कुठेही निघतं. जागा शोधण्यातच वेळ जातो. आणि आत माणूस उतरवायचा तर आधी पाणी पूर्ण काढायला लागतं, हवा खेळवायला लागते. बोगद्याला झाकायला माती नको, नकाशा पाहिजे. विंधनविहिरीला परवानगी देणाऱ्या टेबलावर तो नकाशा नसेल तर खोलीचा काहीही उपयोग नाही.

चुनाघाणी

+१. मलबार हिल जलाशयाबद्दलही दोन ओळी. फिरोजशहा मेहता उद्यानाखाली १४७ दशलक्ष लिटरची टाकी आहे हे वर फिरणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरही तसंच, वर बाप्टिस्टा उद्यान. बागेची माती खालचं पाणी गार ठेवते आणि छताला तापून फुगण्या-आकसण्यापासून वाचवते. पण झाडाची मुळं छताच्या भेगांत शिरतात, म्हणून वर मोठी झाडं लावू नयेत.

जलाशय कप्प्यांत विभागलेला आहे. तपासणीला एका वेळी एकच कप्पा रिकामा करायचा, दुसरे चालू ठेवायचे. हा जलाशय पाडून नवा बांधायचा प्रस्ताव आला होता, तज्ज्ञांनी आत उतरून पाहिल्यावर पुनर्बांधणीची गरज नाही, दुरुस्ती पुरेल असं मत पुढे आलं. टाकी लहान पडते का मोठी, हा प्रश्न त्यात खरा. मुख्य नळ चोवीस तास सारखा वाहतो, लोक मात्र पहाटेच्या तीन तासांत पाणी ओढतात. रात्रभर साठवलेलं तेव्हा सोडायचं, एवढंच सेवा जलाशयाचं काम. टाकी तुटपुंजी असेल तर वर कितीही धरणं बांधा, सकाळी सहाला नळ कोरडाच.

शहापूरवासी

या सगळ्यात एक नोंद राहून जाऊ नये. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा ज्या शहापूर-मोखाड्याच्या परिसरात आहेत तिथल्या अनेक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. कारण तांत्रिकच आहे. पाडे डोंगरावर, धरणाच्या पातळीच्या वर. धरणातलं पाणी खालच्या बाजूला आपोआप जातं, वरच्या पाड्याला मात्र पंप, नळ आणि वीजबिल भरणारं कुणीतरी लागतं. टाऊनहॉलची_पायरी यांचा उंचीचा हिशेब इथेही लावा. चितळे समितीने १९९० च्या दशकात मध्य वैतरणेबरोबर गारगाई आणि पिंजाळ हे धरण प्रकल्पही सुचवले होते. ते पुढे सरकले तर धरणाच्या अंदाजपत्रकातच काठावरच्या गावांच्या उपसा योजनेचा खर्च धरायला हवा, नंतर वेगळा निधी शोधत बसू नये.

टाऊनहॉलची_पायरी

शहापूरवासी, मुद्दा रास्त आहे, आणि खर्चाच्या दृष्टीनेही किरकोळ. रोज एक लाख लिटर शंभर मीटर चढवायला ३५ युनिट लागतात.

साष्टीकर

शेवटचं विचारतो. सगळे तलाव भरले तरी मे महिन्यात कपातीची चर्चा का?

टाऊनहॉलची_पायरी

१४,४७,३६३ ला ३६५ ने भागा. ३,९६५ दशलक्ष लिटर. शहराला रोज ३,८५० ते ४,००० जातं. म्हणजे सातही तलाव १ ऑक्टोबरला काठोकाठ असतील तर साठा बरोबर वर्षभराचा, बाष्पीभवन न धरता. पाऊस जूनऐवजी जुलैत आला तर लागणारे पंधरा-वीस दिवस यात बसवावे लागतात, म्हणून कपात एप्रिल-मेमध्ये थोडी थोडी सुरू करतात. १० टक्के कपात पन्नास दिवस ठेवली की पाच दिवसांचं पाणी वाचतं. विहार आणि तुळशी पूर्ण भरल्याची बातमी जुलैत येते तेव्हा हायसं वाटतं, पण दोन्ही मिळून ३५,७४४ दशलक्ष लिटर. नऊ दिवस. भातसा किती भरला ते बघा.